आधी दगड मांडा, मग बांध बुजवा

एका जंगलात सगळं काही होतं, फक्त कोणाला काही आठवत नव्हतं.

झाडं होती, फळं होती, एक मोठं तळं होतं आणि तळ्याला मातीचा बांध होता. राजा होता. राजा वाघ होता, हे सांगायला नको. सशाला राजा केल्याचं तुम्ही कुठे ऐकलंय? या वाघाचं नाव पट्टेराव. आणि पट्टेराव महाराजांची स्मरणशक्ती, बाळांनो, फार नाजूक होती. एका भेकराला त्यांनी सकाळी दरबारात अभय दिलं आणि दुपारी त्यालाच खाल्लं. संध्याकाळी त्याच्या बायकोला विचारलं, "आज तुमचे हे दिसले नाहीत कुठे?"

हेतू वाईट नव्हता. आठवलं नाही, इतकंच. हेतू वाईट नसला की राजाला सगळं माफ असतं. हे पाठ करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग या जंगलात कामं कशी व्हायची? हाळी देऊन. वणवा दिसला, दे हाळी. कोणी खड्ड्यात पडलं, दे हाळी. ज्याच्या कानावर पहिल्यांदा पडेल त्यानं हातातलं टाकून निघायचं, अशी रीत होती. कोण कोणाचा, कामाचं नाव काय, ते कोणाच्या अखत्यारीत येतं, असलं काही विचारायचं नाही. रीत अडाणी होती, यात शंका नाही. दोष एवढाच की ती चालत होती.

दर हिवाळ्यात त्या तळ्यावर परदेशातून पट्टकादंब हंस यायचे. हिमालय ओलांडून यायचे, त्यामुळे त्यांचं म्हणणं लोक मान वर करून ऐकायचे. त्या वर्षी त्यांच्यातला एक हंस काठावर उतरला, पंख झटकले आणि म्हणाला, "तुमच्याकडे कामं आहेत. पण मांडणी नाही."

आपल्याकडे मांडणी नाही, हे इतक्या पिढ्यांत कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एका हरणाला तर रडू आलं.

तळ्याजवळ उंचावर एक सपाट कातळ होता. हंसानं सगळ्यांना तिथे नेलं आणि चपटे दगड गोळा करायला सांगितले. एका दगडावर एकच ओळ ओरखडायची. मुख्य विषयाचा दगड डाव्या कडेला ठेवायचा. त्याच्या पोटातला विषय त्याच्या खाली, पण थोडा उजवीकडे सरकवून. त्याच्या पोटातला आणखी उजवीकडे. काम बाकी असेल तर दगड उताणा. काम झालं की पालथा.

"ना रंग, ना नक्षी," हंस म्हणाला. "साधा दगड, साधी ओळ. तुमच्या पणतवंडांनासुद्धा वाचता येईल."

त्यानं करून दाखवलं. डावीकडे 'अन्न'. त्याखाली सरकवून 'फळं'. त्याखाली आणखी सरकवून 'जांभूळ'.

"जांभूळ कुठाय?" मागून आवाज आला.

हा सुळाजी. रानडुक्कर. अंगानं दांडगा, तोंडानं त्याहून दांडगा, आणि दिवसातला बराच वेळ तळ्याकाठच्या चिखलात लोळत पडलेला.

"हे काय, तिसऱ्या दगडावर," हंस म्हणाला.

"तो दगुड झाला. खायचं जांभूळ कुठाय?"

"ही शंका आपण 'शंका' या मथळ्याखाली घेऊ," हंस म्हणाला. त्यानं तसा एक दगड मांडला, सुळाजीचा प्रश्न त्याच्या पोटात सरकवला आणि वर सागाचं एक मोठं पान ठेवलं. प्रश्न दिसेनासा झाला.

पट्टेराव महाराज पुढे सरकले. "हे पानाचं काय केलंस?"

"याला मिटवणं म्हणतात, महाराज. पोटातलं सगळं पानाखाली जातं. वर फक्त मथळा राहतो."

"म्हणजे 'तक्रारी' असा मथळा केला आणि तो मिटवला, तर?"

"तर 'तक्रारी' एवढंच दिसेल. पण महाराज, मिटवलेलं नाहीसं होत नाही. फक्त दिसत नाही."

"दिसत नाही ना?" महाराज म्हणाले. "मग अजून काय पाहिजे?"

त्या दिवसापासून त्या जंगलातल्या सागाला पान म्हणून राहिलं नाही.

हंसानं आणखी दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे धागा. या दगडाचा त्या दगडाशी संबंध असेल तर झाडावर जाळं विणणाऱ्या कोळिणीकडून दोघांमध्ये धागा ओढून घ्यायचा. धाग्याच्या मागं मागं गेलं की हवी ती गोष्ट सापडते. दुसरी गोष्ट म्हणजे नियम. पोटातले सगळे दगड पालथे झाल्याशिवाय वरचा दगड पालथा करायचा नाही. आणि पोटातले दगड ज्या क्रमानं मांडलेत, त्याच क्रमानं पालथे करायचे.

"आधी लेकरं, मग आई," हंसानं सोपं करून सांगितलं. सगळ्यांना ते फार गोड वाटलं.

कातळाचा कारभार साळिंदराकडे आला. त्याच्या अंगावर ओरखडायला काटेच काटे होते, ही त्याची पात्रता. नाव काटेपंत. या प्राण्याबद्दल एक गोष्ट स्वच्छ सांगतो, कारण पुढे तुम्ही त्याला शिव्या द्याल. तो चोर नव्हता. आळशी नव्हता. लबाड तर मुळीच नव्हता. न झालेल्या कामाचा दगड त्यानं जन्मात कधी पालथा केला नाही. त्याला कोणी लबाडी शिकवली असती, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मग काय विचारता. जंगलाला मांडणीचं वेड लागलं. माकडांनी 'आंबे' असा दगड मांडला. त्याच्या पोटात 'आंबे खाणे'. त्याच्या पोटात 'झाड निवडणे', 'फांदी निवडणे', 'फांदीबाबत मतभेद'. मतभेदाच्या पोटात इतके दगड झाले की आंबे झाडावरच पिकले, पडले, कुजले. माकडं खूश होती. आंब्यांचा इतका सखोल विचार त्यांच्या बापजाद्यांनी कधी केला नव्हता. ते नुसते खायचे.

एका खवल्या मांजराला खोकला झाला. ते औषध शोधत कातळावर आलं. 'खोकला' दगडापासून धागा 'हिरड्या'कडे गेला होता. 'हिरड्या'पासून धागा 'जुन्या झाडां'कडे, तिथून 'वटवाघळां'कडे, तिथून 'रात्रीचे आवाज' आणि तिथून पुन्हा 'खोकल्या'कडे. खवल्या मांजर दिवसभर फिरलं. संध्याकाळी खोकत घरी गेलं आणि बायकोला म्हणालं, "आज फार माहिती मिळाली."

आणि हाळी? ती बंद झाली. काटेपंतांनी महाराजांच्या लक्षात आणून दिलं की हाळीला मथळा नसतो. ती कुठूनही येते आणि कोणालाही उठवते. महाराजांनी 'हाळी' असा एक दगड मांडायला लावला आणि स्वतःच्या पंजानं त्यावर पान ठेवलं.

हिवाळा सरला. हंस उडून गेला. हंस उन्हाळ्याला थांबत नसतात, बाळांनो. पद्धत देणाऱ्यांचं आणि उन्हाळ्याचं कधी जमत नाही.

ऊन चढलं. झरे आटले. आता पाऊस येईपर्यंत तळ्यातलं पाणी हेच काय ते पाणी.

त्या तळ्यात उदी नावाचं पाणमांजर राहायचं. तिला नुकतीच तीन पिल्लं झाली होती. डोळेही न उघडलेली, मुठीएवढी. बांधाच्या कडेला बिळात ती त्यांना ठेवायची, पाण्यात बुडी मारायची, मासा आणून खायची आणि पिल्लांना पाजायची. तळं होतं म्हणून मासा होता. मासा होता म्हणून दूध होतं. दुसरं पाणी म्हणजे नदी, ती तापल्या माळाच्या पार पलीकडे. तेवढ्या उन्हात डोळे न उघडलेलं पिल्लू न्यायचं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

एके सकाळी उदीला बांधातून पाणी वाहिल्याचा आवाज आला. खेकड्यांनी बांध पोखरला होता आणि भोक आरपार झालं होतं. तिचं डोकं जाईल एवढं.

पूर्वी असती तर तिनं हाळी दिली असती. पण उदी कायदा पाळणारी होती. ती धावत कातळावर गेली.

"काटेपंत, बांधाला भोक पडलंय."

काटेपंत दगडांच्या मधून हळूहळू वाट काढत आले. "कुठल्या मथळ्याखाली घेऊ?"

"म्हणजे?"

"भोक 'पाण्या'खाली येतं, 'माती'खाली येतं की 'खेकड्यां'खाली? तुमचं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं, ते बांधाखाली आहे आणि वाहतंय."

"वाहतंय म्हणजे 'पाणी'." काटेपंतांनी मान डोलवली. "पण केलं खेकड्यांनी."

"पंत, तातडीचं आहे हो."

"तातडीच्या मथळ्याखाली सध्या महाराजांच्या मिशा आहेत."

"मिशांना काय झालं?"

"गळतायत. उदीबाई, अशा उतावळ्या होऊ नका. एकदा चुकीच्या जागी मांडलं की जन्मभर सापडत नाही." आणि त्यांनी मनापासून, प्रेमानं मांडायला घेतलं. 'बांध बुजवणे' हा आईचा दगड. त्याच्या पोटात 'भोक पाहणे'. मग 'भोक मोजणे'. मग 'माती निवडणे', 'माती आणणे', 'भरणे', 'चोपणे'. मग कोळिणीला बोलावलं. तिनं 'बांधा'पासून 'पाण्या'कडे, 'पाण्या'पासून 'तहाने'कडे आणि 'तहाने'पासून 'महाराजां'कडे धागे ओढले.

"किती सुरेख दिसतंय बघा," काटेपंत म्हणाले.

खरंच सुरेख दिसत होतं. पण बघायला उदी तिथे नव्हती. ती केव्हाच परत गेली होती आणि भोकात स्वतःची पाठ घालून बसली होती.

पाणी थांबलं. पण आता तिला हलता येईना. हललं की पाणी सुटायचं. न हललं तर मासा नाही. बिळातून पिल्लांचं चिंचिं ऐकू येत होतं. तिनं डोळे मिटून घेतले. कान मिटता येत नाहीत.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा सुळाजी डुलत डुलत तिथे आला.

"काय गं उदे, बूड भिजवत बसलीस व्हय?"

"भोक पडलंय, सुळाजी. मी उठले तर तळं जाईल."

"तळं जाईल?" सुळाजीनं मान तिरकी केली. "आन् माझा चिखल?"

"चिखलही जाईल."

"मंग आधी न्हाई का सांगायचं. हाळी का न्हाई दिलीस?"

"हाळी मिटवलीय ना. पानाखाली."

सुळाजी पान आणि पान ठेवणारा या दोघांबद्दल जे बोलला ते इथे सांगत नाही. तुमच्या आया मला भेटतात. मग त्यानं नाक जमिनीत खुपसलं. चिकण माती उकरली, मुळांसकट, दगडगोट्यांसकट ढकलत आणली. "सरक," म्हणाला. उदी सरकली, त्यानं माती कोंबली, पायांनी चेपली आणि वर स्वतः आडवा होऊन इकडून तिकडे मनसोक्त लोळला. भोक बंद. पाण्याचा थेंब पाझरेना.

"जा, खा कायतरी," तो म्हणाला. "आन् समद्यांना सांग, सुळाजीनं तळं वाचवलं. नीट सांग. सुळ्यांचं बी सांग."

सुळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता. पण उपकारकर्त्याशी वाद घालू नये.

उदीनं मासा मारला, खाल्ला, पिल्लांना पाजलं. पिल्लं निजली. आणि मग, बाळांनो, तिनं आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. ती काम झाल्याचं सांगायला गेली.

"पंत, झालं बरं का. बुजलं भोक."

काटेपंतांनी दगडाकडे पाहिलं. "असं कसं झालं? 'भोक पाहणे' अजून उताणा आहे."

"तो करा की पालथा."

"भोक मी पाहिलंच नाही."

"आता भोक नाहीच आहे."

"तेच म्हणतोय मी," काटेपंत म्हणाले. "नाही ते पाहिलं, असं मी कसं म्हणू? उदीबाई, मी खोटा दगड पालथा करणारा नव्हे."

"मग तो दगडच काढून टाका."

हे ऐकताच वरच्या फांदीवरून कोळीण सरसर खाली आली. "काढून टाका म्हणे. आणि माझे धागे? 'बांध' काढलात तर 'पाणी' सुटेल, 'पाणी' सुटलं की 'तहान' सुटेल, आणि 'तहान' सुटली की 'महाराज' लोंबतील."

नेमके तेव्हाच महाराज फेरी मारायला आले होते. "कोण लोंबणार?"

"आपण, महाराज."

महाराज खाली बसले. बराच वेळ त्यांनी धाग्यांकडे पाहिलं. "मी लोंबलेला बरा दिसणार नाही," ते म्हणाले. "काटेपंत, यातून मार्ग काय?"

काटेपंतांनी मार्ग सांगितला. सांगताना त्यांच्या मनात कसलंही पाप नव्हतं. भोक उघडायचं. पाहायचं. मोजायचं. मग रीतसर माती निवडून, आणून, भरून, चोपून बंद करायचं. सगळे दगड क्रमानं पालथे होतील. मग आईचा दगड पालथा होईल. कोणी लोंबणार नाही.

"महाराज," उदी म्हणाली, "पाणी थांबलंय. माझी पिल्लं पोटभर पिऊन निजलीत. आता आणखी काय हवंय आपल्याला?"

महाराजांना तिची खरोखर दया आली. "ते सगळं ठीक आहे, बाई," ते मऊपणे म्हणाले. "पण दगडाचं काय?"

साळिंदरं उकरण्यात पटाईत असतात. काटेपंतांनी स्वतः भोक उकरलं. दुसऱ्या कोणावर कष्ट टाकले नाहीत, हेही लिहून ठेवण्यासारखं आहे. सुळाजीनं चेपलेली माती निघाली आणि पाण्याची धार बाहेर आली.

काटेपंतांनी भोक पाहिलं. कातळावर जाऊन 'पाहणे' पालथा केला. परत आले. मग अंगावरचा एक काटा उपटून ते भोक मोजायला लागले. दोन काटे रुंद. हे लक्षात ठेवून ते कातळावर गेले, दगडावर ओरखडलं आणि पडताळायला परत आले. तोवर भोक तीन काटे झालं होतं. पुन्हा गेले, पुन्हा ओरखडलं, पुन्हा आले. आता भोक काटेपंतांहून मोठं होतं.

"विचित्र भोक आहे," ते बांधावर आलेल्या महाराजांना म्हणाले. "एका मापावर राहत नाही."

उदी बांधावर उभी राहिली. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग कायदा विसरून तिनं हाळी दिली. "बांध चाललाय, धावा रे."

हाळी साऱ्या जंगलानं ऐकली. हरणांनी माना वर केल्या. माकडांनी एकमेकांकडे पाहिलं. ही हाळी आपल्याकडे मांडली आहे का, ते बघायला सगळे धावले. बांधाकडे नव्हे. कातळाकडे. तिथे 'हाळी'च्या दगडावर पान होतं, आणि महाराजांनी ठेवलेलं पान उचलायचं कोणी, यावर बोलणं सुरू झालं.

एकटा सुळाजी बांधाकडे आला. येतानाच नाकापुढे मातीचा ढीग ढकलत आला. महाराज आडवे आले.

"काय करतोयस?"

"भरतोय. दिसत न्हाई का?"

"भरणं पाचवं आहे. अजून दुसरं चालू आहे."

"महाराज, तळं चाललं की वो समदं."

"सुळाजी," महाराज शांतपणे म्हणाले, आणि बोलताना त्यांनी जरा तोंड उघडं ठेवलं. "क्रम."

वाघाच्या उघड्या तोंडापुढे सुळाजीचे सुळे फार लहान दिसत होते. त्यानं मातीचा ढीग तिथेच टाकला. "घाला मंग ते दगुड नरड्यात," असं पुटपुटला आणि नवा चिखल शोधायला डोंगराकडे निघून गेला. तोही काही शूरवीर नव्हता. त्याला फक्त काम येत होतं.

दुपार कलायच्या आत बांध गेला. भोक गेलं, भोकाच्या दोन्ही बाजू गेल्या, सगळंच गेलं. तळं खाली दरीत ओतलं गेलं. मागे राहिला काळा चिखल आणि त्यात तडफडणारे मासे. मासे दिसताच आकाशात घारी गोळा झाल्या. आधी एक. मग थवा.

काटेपंत पुन्हा मोजायला आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं, पडताळलं. माप पक्कं होतं. "आता बदलत नाही," ते समाधानानं म्हणाले आणि 'मोजणे' पालथा केला. राहिलेल्या चार दगडांबद्दल त्यांनी महाराजांना विचारलं. पाणी नाही तर बांध कशाला, असं महाराज म्हणाले, आणि स्वतःच्या पंजानं त्यांनी ते चारही पालथे केले. मग आईचा दगड पालथा झाला. टाळ्या पडल्या. कोळिणीचा एक धागा तुटला नव्हता. पानाखालचं सोडलं, तर पूर्ण कातळावर उताणा असा एक दगड नव्हता.

खाली सुकत चाललेल्या चिखलात उदी तीन पिल्लं पोटाशी घेऊन उभी होती. आता नदीशिवाय वाट नव्हती. आणि तोंड एकच होतं.

तिनं काटेपंतांना हाक मारली. ते आले. बोलावलं की यायचे, हा त्यांचा गुण.

"पंत, मी एकेक करून नेते. मी येईपर्यंत उरलेल्यांवर नुसते उभे राहा. तुमच्या काट्यांकडे घार फिरकणार नाही. बाकी काही करू नका."

"निश्चिंत जा," काटेपंत म्हणाले. "मी लगेच घेतो."

उदीनं पहिलं पिल्लू तोंडात धरलं आणि माळावर पळत सुटली. ऊन असं होतं की तिची सावलीसुद्धा तिच्या पायाखाली लपू बघत होती. काटेपंत पिल्लांवर उभे राहिले. काटे फुलवून उभे राहिले. घारी फिरत होत्या, पण खाली येत नव्हत्या. उदी परत आली, दुसरं पिल्लू घेतलं आणि गेली.

काटेपंत तिसऱ्यावर उभे होते. उभे राहता राहता त्यांच्या मनात आलं, आपण इथे उभे आहोत खरे, पण हे कुठे मांडलेलं नाही. आपल्याला अचानक काही झालं, तर इथे एक पिल्लू होतं हे जंगलाला कसं कळेल? त्यांना घाम फुटला. जबाबदार प्राण्याला असाच घाम फुटतो.

शेजारीच एक छानसा चपटा दगड पडला होता. अगदी शेजारी. दोन पावलांवर.

उदी परत आली तेव्हा काटेपंत तिच्याकडे पाठ करून बसले होते. चिखलात एक मऊ खळगा होता. खळगा रिकामा होता.

"पंत. तिसरं कुठाय?"

काटेपंत वळले. त्यांचा चेहरा उजळलेला होता. दगड त्यांनी दोन्ही पंजांत धरून तिच्यापुढे केला.

"हे काय, इथे. 'पिल्लू सांभाळणे'. याला कोणाच्या पोटात नाही घातलं, उदीबाई. डाव्या कडेला घेणार आहे. सगळ्यांच्या वर."

उदीनं दगडाकडे पाहिलं नाही. तिनं वर पाहिलं. वर, फार उंचावर, एक घार इतर घारींपासून वेगळी होऊन डोंगराकडे चालली होती.

उदी ओरडली नाही. ओरडून काय होतं, ते तिनं पाहिलं होतं. ती वळली आणि रिकामं तोंड घेऊन नदीकडे निघाली. तिकडे दोघं होती.

संध्याकाळी महाराज कातळावर आले. सगळ्या पालथ्या दगडांमध्ये डाव्या कडेला एक दगड उताणा होता. त्याच्याजवळ काटेपंत मान खाली घालून बसले होते.

"हा कशाचा?"

"पिल्लू सांभाळणे, महाराज."

"पिल्लू कुठाय?"

"नाही, महाराज."

"मग सांभाळायचं काही उरलं नाही," महाराज म्हणाले आणि पंजानं तो दगड पालथा केला. "उगाच एकच दगड राहिला होता."

तात्पर्य : बाळांनो, बुडणाऱ्याला हात देण्याआधी त्याला योग्य मथळ्याखाली घ्यावं. हात देणारं कोणीही भेटतं, चिखलात लोळणारं डुक्करसुद्धा. नीट मांडणारा मात्र पिढीत एखादाच निपजतो. आणि जे मांडून होईपर्यंत टिकत नाहीत, त्यांना झालेल्या कामांत धरावं. कातळ स्वच्छ राहतो.